कागदाशिवाय संसार कसा करावा

'दोन बायकांना लग्न कशाला हवं? प्रेम पुरेसं नाही का?' असं कुणी विचारलं तर वाद घालू नका. विचारणारीच्या गळ्यात मंगळसूत्र असतं आणि नवऱ्याच्या मेडिक्लेममध्ये तिचं नाव असतं. अनुभवाचे बोल आहेत, ऐकून घ्यावं.

आजारी पडायचंच असेल तर दिवसा पडा, आणि शक्यतो भावाच्या गावात.

आमच्या हिला एवढंही जमलं नाही. मागच्या आठवड्यात रात्री अकराला पोट धरून बसली. अपेंडिक्स. हॉस्पिटलच्या काउंटरवर विचारलं, "पेशंटचं नातं?" म्हटलं, जोडीदार. "बिझनेस पार्टनर का?" म्हटलं, चौदा वर्षं एका घरात राहतो. "मग रूममेट," म्हणत त्यानं लिहूनही टाकलं. ऑपरेशनच्या संमतीला मात्र रूममेट चालेना, ब्लड रिलेशन हवं. भाऊ नांदेडला, नऊ वर्षं बोलणं बंद. साडेबाराला त्याला उठवलं. त्यानं आधी खर्च किती ते विचारलं, तो मीच देणार म्हटल्यावर वहीच्या पानावर सही करून फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. तो चालला! हिला कुठलं औषध सोसत नाही हे मला पाठ, पण सही त्याची. शेजारच्या खिडकीवर एका बाईंनी 'पत्नी' लिहिलं; त्यांच्याकडे दाखला कुणी मागितला नाही. आणि हो, चाळीस हजारांचं डिपॉझिट माझ्याच कार्डावरून गेलं. मशीननं नातं विचारलं नाही.

घरमालकाला मावसबहिणी सांगा. आडनावं जुळत नाहीत ना.

कोर्टात जाऊ नका, जाऊन झालंय. १७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी लग्नाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या पाचही न्यायमूर्तींचं एकमत झालं की लग्न हा मूलभूत हक्क नाही. सिव्हिल युनियनही, म्हणजे लग्न न म्हणता जोडीला कायद्याची मान्यता, ३ विरुद्ध २ नं गेलं. काय ते संसदेनं बघावं म्हणे. संसद बघतेच आहे. ९ जानेवारी २०२५ ला फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

ट्रान्सजेंडर असाल तर नशीबवान. जोडी स्त्री-पुरुषाची असेल तर आहे त्याच कायद्यानं लग्न करता येतं, त्याच निकालात लिहिलंय. फक्त जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र, आधार, पॅन आणि शाळेचा दाखला या सगळ्यांवर एकच नाव आणि एकच लिंग आणून दाखवा. तोवर साठी उलटेल. मग विशेष विवाह कायद्याची ३० दिवसांची नोटीस फळ्यावर लागेल, म्हणजे गावाकडच्या काकांना हरकत घ्यायला सवडीनं येता येईल.

सरकार काहीच करत नाही असं मात्र म्हणू नका. २०२४ मध्ये सांगितलं की जॉइंट खातं काढायला आडकाठी नाही, नॉमिनीही करा. (नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, ते भाऊ येऊन समजावेल.) रेशनकार्डावर एक कुटुंब म्हणून राहा. आणि जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराचा मृतदेह ताब्यात मिळावा, असं पत्रही राज्यांना गेलंय. जिवंतपणी संमतीच्या कागदावर नाव लागत नाही, पण मेल्यावर, कुणीच आलं नाही तर, नंबर आपला!

हिच्या खात्यात प्रेमानं पैसे टाकाल तर वर्षाला पन्नास हजारांच्या आत टाका. वर गेलात तर ते तिचं उत्पन्न, भरा कर. नवऱ्यानं बायकोला कोटभर दिले तरी ती भेट.

पुरे झाला हा शहाणपणा. 'आमचा विरोध नाही हो, पण…' म्हणणाऱ्या माझ्या सोसायटीतल्या सज्जनांनो, तुमचा लग्नाचा दाखला कपाटात कुठल्या खणात आहे ते तरी आठवतंय का? कशाला आठवेल, तुम्ही तोंडानं 'मिसेस' म्हणालात की दारं उघडतात. आमच्या घरी येऊन पुरणपोळ्या खाता, 'तुम्ही दोघी किती छान राहता' म्हणता, आणि कायद्याचं नाव काढलं की संस्कृती आठवते. त्या रात्री तुमच्यातल्या दोघांना फोन केला होता मी. एकानंही 'येतो' म्हटलं नाही. 'तिच्या घरच्यांना कळवलंस का,' एवढंच विचारलंत. मी कोण होते मग? लाज वाटायला हवी तुम्हाला!

भावाच्या सहीचा फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. त्यात हिचं वय चार वर्षांनी चुकलंय.