सगळं वयावर ढकलू नका

हाडांच्या ठिसूळपणावरच्या तुमच्या लेखातलं 'पुरुषांची हाडं ठिसूळ होतात ती वयामुळे' हे वाक्य खटकलं. पुरुषांत बरेचदा मागे दुसरंच कारण दडलेलं असतं. आमचे बाबा नौपाड्यात राहतात, वय ६४. दम्यासाठी वर्षानुवर्षं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू, धाप वाढली की डोसही स्वतःच वाढवायचे. एकदा बादली उचलताना पाठीत कळ आली. दोन महिने 'उसण भरलीय' म्हणून शेक आणि बाम. पँट खाली घोळायला लागली तेव्हा आईच्या लक्षात आलं, उंचीच कमी झालीय. एक्स-रेत मणका पाचरीसारखा दबलेला!

नव्या डॉक्टरांनी नुसतं कॅल्शियम लिहून दिलं नाही. ड जीवनसत्त्व, थायरॉइड, पॅराथायरॉइड, टेस्टोस्टेरॉन, शिवाय मायलोमा (अस्थिमज्जेतला रक्ताचा कर्करोग) नाही ना म्हणून रक्तातली प्रथिनं, सगळं तपासलं. रोज ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन ३ महिन्यांहून जास्त चाललं तरी हाडांकडे बघावं लागतं, हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. दारू आणि प्रोस्टेट कर्करोगावरची हार्मोन दाबणारी इंजेक्शनं यांनीही हाडं ठिसूळ होतात, त्यांचाही लेखात उल्लेख हवा होता. आणि हो, स्टेरॉइड एकदम बंद करायचं नसतं. बाबा तेच करायला निघाले होते.