‘हे माझे शरीर आहे’ : हा १२१५ सालचा शोध नाही

“कॅथलिक लोक भाकरीच्या तुकड्याला देव मानतात. ही शिकवण पोपने १२१५ साली काढली. येशूने फक्त ‘माझ्या स्मरणार्थ हे करा’ म्हटलं होतं. ‘देहापासून काही लाभ नाही’ हेही तोच म्हणाला. हे लोक दर रविवारी त्याचा पुन्हा बळी देतात. खरंच देह असेल तर प्रयोगशाळेत तपासून दाखवा. मनातून त्यांनाही ते पटलेलं नसतं.”

अशा अर्थाचा मजकूर सोलापुरातल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या मोबाईलवर वरचेवर येतो. पुढे पाठवणारा बहुधा आपल्याच नात्यातला असतो. एक भाऊ मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला जातो, दुसरा प्रोटेस्टंट प्रार्थनासभेला. त्यामुळे आवाज चढवायचं कारण नाही. पण मिस्सात भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, या आमच्या श्रद्धेच्या गाभ्यालाच हा मजकूर हात घालतो, म्हणून मुद्द्याला मुद्दा देणं भाग आहे.

आधी १२१५ घेऊ. त्या साली रोममध्ये चौथी लॅटरन धर्मसभा भरली आणि तिच्या पहिल्याच निर्णयात ‘तत्त्वांतर’ (मूळ तत्त्व बदलणं) या अर्थाचा लॅटिन शब्द वापरला गेला, इथवर खरं आहे. पण तो शब्द ज्या श्रद्धेसाठी वापरला, ती हजारभर वर्षं जुनी होती. अंत्युखियाचे बिशप इग्नेशियस यांना सुमारे ११० साली बेड्या घालून रोमला मृत्युदंडासाठी नेलं जात होतं. वाटेवरून त्यांनी स्मुर्णाच्या मंडळीला पत्र लिहिलं. त्यात ते काही वेगळ्या मताच्या लोकांबद्दल सांगतात की ते या संस्कारापासून दूर राहतात, कारण हा आपल्या तारणाऱ्या येशू ख्रिस्ताचा देह आहे हे त्यांना मान्य नाही. साधारण १५५ साली जस्टिन हे ख्रिस्ती लेखक रोमन सम्राटाला हेच समजावून सांगतात : आम्ही हे साधी भाकर आणि साधं पेय म्हणून घेत नाही, देह धारण केलेल्या येशूचं मांस आणि रक्त म्हणून घेतो.

याहून ठळक पुरावा आजही डोळ्यांसमोर आहे. इजिप्तची कॉप्टिक मंडळी ४५१ च्या खाल्केदोन धर्मसभेनंतर रोमपासून वेगळी झाली. १२१५ च्या निर्णयाशी तिचा काडीचा संबंध नाही. तरीही भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, असंच ती मानते. केरळची ऑर्थोडॉक्स सिरियन मंडळीही तेच मानते. पोपने ही शिकवण तेराव्या शतकात काढली असती, तर पोपला न मानणाऱ्यांकडे ती पोचली कशी?

‘तत्त्वांतर’ हा शब्द बायबलमध्ये नाही, हा आक्षेप असेल तर ‘त्रैक्य’ (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) हा शब्दही बायबलमध्ये नाही. मजकूर पाठवणारा भाऊ त्रैक्य मात्र मनापासून मानतो.

आता ‘स्मरणार्थ’. मराठी कानाला हा शब्द एसटी स्टँडवरच्या बाकासारखा ऐकू येतो : ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. माणूस गेला, नाव उरलं. येशूच्या तोंडचा शब्द वल्हांडणाच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटकेच्या यहुदी सणातून आला आहे. निर्गम १२:१४ मध्ये तो दिवस ‘स्मारक’ म्हणून पाळायला सांगितलाय, आणि यहुदी कुटुंब त्या रात्री ‘आमच्या पूर्वजांना सोडवलं’ एवढ्यावर थांबत नाही, ‘आम्हाला सोडवलं’ म्हणतं. घडलेल्या गोष्टीत आज सहभागी होणं, असा तो अर्थ आहे. पौलही १ करिंथ ११:२७ मध्ये बजावतो की जो अयोग्य प्रकारे ही भाकर खातो तो प्रभूच्या शरीराविषयी आणि रक्ताविषयी दोषी ठरेल. निव्वळ आठवणीच्या खुणेसाठी एवढा मोठा दोष कुणी लावत नाही.

‘मी दार आहे’, ‘मी द्राक्षवेल आहे’ हीही वाक्यं पुढे केली जातात. पण ती ऐकून ‘हा माणूस लाकडी दार कसा असेल?’ असं कुणी विचारलं नाही. योहानाच्या सहाव्या अध्यायात लोक विचारतात : हा आपला देह आम्हाला खायला कसा देऊ शकतो? एरवी गैरसमज झाला की येशू तो दूर करतो. ‘लाजर झोपला आहे’ हे शिष्यांना कळलं नाही, तेव्हा ‘लाजर मेला आहे’ असं त्याने उघड सांगितलं. इथे तो उलट शब्द आणखी कडक करतो. ५४ व्या वचनापासून मूळ ग्रीकमध्ये साध्या ‘खाणे’ऐवजी दातांनी चावून खाण्याचं क्रियापद येतं. ६६ व्या वचनात पुष्कळ शिष्य सोडून जातात. ‘थांबा, मी दाखला देत होतो’ असं म्हणून तो कुणालाही परत बोलावत नाही.

राहिलं ६३ वं वचन. तिथे ‘देहापासून काही लाभ नाही’ आहे, ‘माझ्या देहापासून’ नाही. देहबुद्धीने हे कळणार नाही, असा तो इशारा आहे. ख्रिस्ताच्या देहाचाच उपयोग नसेल, तर ‘शब्द देही झाला’ हेही व्यर्थ आणि क्रूसही व्यर्थ.

पुन्हा बळी देण्याचा आरोप लवकर निकाली निघतो. १५६२ साली ट्रेंट धर्मसभेने सांगितलं की बळी तोच, अर्पण करणाराही तोच. फक्त अर्पणाची रीत वेगळी, रक्तावाचून. क्रूसावरचं एकदाच झालेलं अर्पण मिस्सात आपल्यापुढे येतं. ख्रिस्त पुन्हा मरत नाही.

प्रयोगशाळेचा मुद्दा जरा सावकाश पाहायला हवा, कारण इथे कॅथलिक माणूसही गडबडतो. तपासणीत काय सापडेल? गव्हाचा स्टार्च, ग्लूटेन, पाणी. चर्चने याहून वेगळं कधी सांगितलेलं नाही. रंग, चव, वजन, रासायनिक गुण सगळं भाकरीचंच राहतं. बदलतं ते मूळ तत्त्व, म्हणजे ती वस्तू खरोखर काय आहे ते. कॅथलिक धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच लिहिलं की इथे डोळे, स्पर्श आणि चव फसतात, भरवसा फक्त ऐकलेल्या शब्दावर.

रोजच्या व्यवहारात चर्च हे काटेकोर पाळतं. ग्लूटेन न चालणाऱ्या माणसाला अभिषिक्त होस्टचाही (मिस्सातल्या गव्हाच्या पातळ चकतीचाही) त्रास होतो. आपल्याकडे अशा पेशंटला ज्वारीची भाकरी सांगतात, आणि सोलापुरात ज्वारीला काय तोटा! मग होस्टही ज्वारीचा का नको? तो चालत नाही. मराठी बायबलमध्ये ‘भाकर’ असली तरी चर्चचा नियम गव्हाचाच आहे. गव्हाचं पीठ आणि पाणी. मीठ, साखर, तेल, सोडा काही नाही. ज्वारी-तांदळाच्या चकतीवर शब्द उच्चारले तरी संस्कार होत नाही. अशा व्यक्तीसाठी ग्लूटेनचं प्रमाण अगदी कमी असलेला गव्हाचा होस्ट चालतो, किंवा तिला फक्त प्याल्यातून कम्युनियन (या संस्काराचं सेवन) देतात. दोन्हींत ख्रिस्त पूर्णच असतो. द्राक्षारसही शुद्ध द्राक्षांचाच हवा, त्यात पाण्याचे काही थेंब. त्याचं व्हिनेगर झालं असेल तर तो बाद. प्याल्यात चुकून नुसतं पाणीच ओतलं गेलं होतं असं नंतर लक्षात आलं, तर फादर ते बाजूला काढतात, द्राक्षारस ओतून त्यात थोडं पाणी घालतात आणि प्याल्यापुरते शब्द पुन्हा म्हणतात. नुसत्या मंत्राने काहीही होतं अशी समजूत असती, तर एवढी खबरदारी कशाला?

इथे आपल्याच लोकांना एक विनंती. उत्तरादाखल ‘होस्टमधून रक्त आलं’ असे फोटो पाठवू नका. दमट हवेत पिठाच्या पदार्थावर सेराशिया मार्सेसेन्स नावाचा जिवाणू वाढतो आणि रक्तासारखे लाल डाग पडतात. इटलीत १८१९ साली मक्याच्या लापशीवर असेच डाग पडले, तेव्हा बार्तोलोमेओ बिझिओ यांनी त्याचा छडा लावला. आमची श्रद्धा अशा फोटोंवर उभी नाही.

‘मनातून पटलेलं नसतं’ याचं उत्तर हवं असेल, तर कम्युनियननंतर वेदीकडे बघा. फादर तबकडीवरचे कण बोटाने प्याल्यात झाडतात, त्यात पाणी घालतात आणि ते स्वतः पितात. होस्ट खाली पडला तर तो आदराने उचलला जातो. प्याला सांडला तर ती जागा पाण्याने धुतात, आणि ते पाणी गटारात जाऊ देत नाहीत. सॅक्रिस्टीत, म्हणजे वेदीजवळच्या तयारीच्या खोलीत, थेट जमिनीत मुरणारं वेगळं कुंड असतं, त्यात ओततात. जोवर भाकरीचं रूप टिकून आहे तोवर ख्रिस्त तिथे आहे, म्हणून खाण्यासारखा न राहिलेला होस्ट पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत ठेवतात आणि मगच ते पाणी त्या कुंडात जातं. उरलेले होस्ट टॅबरनॅकल नावाच्या कुलूपबंद पेटीत ठेवतात आणि शेजारी दिवा लावतात. मिस्सा संपून देऊळ रिकामं झालं, तरी तो तेवत असतो.