बिने यांचा हेतू निराळा होता

बुद्ध्यंक (आयक्यू) म्हणजे जन्मभराचा शिक्का, असा तुमच्याकडे आलेल्या लेखाचा सूर आहे, तो खटकला. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने आणि त्यांचे सहकारी सिमाँ यांनी १९०५ मध्ये पॅरिसला बुद्धीची चाचणी तयार केली ती शाळेत जादा मदत लागणारी मुलं ओळखायला. बुद्धी सरावाने वाढते, असंच बिने मानत. मानसिक वयाला (मूल ज्या वयाच्या पातळीचे प्रश्न सोडवतं, त्याला) प्रत्यक्ष वयाने भागायचं गणित जर्मन मानसशास्त्रज्ञ स्टर्न यांचं, १९१२ चं. तोवर बिने वारलेही होते. दहा वर्षांच्या मुलाने बारा वर्षांच्या पातळीचे प्रश्न सोडवले की भागाकार १.२, त्याला १०० ने गुणून १२०, एवढंच ते! मोठ्यांना हे लागू पडत नाही, म्हणून आता समवयस्कांची सरासरी १०० धरून तुलना करतात.

आपल्याकडे व्ही. व्ही. कामतांनी बिने यांच्याच चाचणीचं मराठी-कानडी रूप केलं, तेही स्वातंत्र्यापूर्वी. ते अजून वापरात आहे. तेव्हाच्या मुलांवर बेतलेले इतके जुने निकष लावले तर आजची पोरं हुशार निघणारच की!