म्हातारपणी लाकडी घर नको म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

मागच्या आठवड्यात आत्याचा फोन आला. ‘‘सुताराला नको म्हणून कळवलंय. आता स्लॅबच टाकू आणि खाली सगळीकडे छान चकचकीत टाइल घालू.’’ आत्या ७८ वर्षांची. चिपळूणजवळचं तिचं घर ऐन आणि किंजळीच्या खांबांवर उभं आहे. पडवीलगतची खोली तिच्यासाठी नीट करायची, कुजलेला एक खांब बदलायचा आणि पुढेमागे खुर्ची लागली तरी आत-बाहेर करता यावं अशी सोय करायची, हे आम्ही महिनाभर बसून ठरवलं होतं. अचानक काय झालं म्हणून विचारलं, तर तिने एक मेसेज पुढे पाठवला. तोवर तो आमच्या दोन्ही घरच्या ग्रुपवर येऊन गेला होता.

मेसेजचं म्हणणं असं: लाकडी घर म्हणजे ज्येष्ठांसाठी चिता, पाच मिनिटांत खाक. लाकडी जमिनीवर म्हाताऱ्यांचा पाय घसरतो, टाइल सुरक्षित. वाळवी दहा वर्षांत घर खाते. भूकंपात आधी लाकडी घरं पडतात. आणि झाडं तोडून कसलं आलंय पर्यावरण?

वीस वर्षं मी घरांच्या दुरुस्त्या करतोय. यातला दुसरा मुद्दा वाचून मला खरोखर संताप आला, म्हणून आधी तोच घेतो.

टाइल सुरक्षित? ओल्या पायाने विट्रिफाइड टाइलवरून मोरीपासून पलंगापर्यंत जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडे एकदा बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडण्यामुळे दगावतात, आणि त्यात सर्वाधिक साठीपुढची असतात. घरातल्या म्हाताऱ्यांना आगीपेक्षा जमिनीचा धोका कितीतरी रोजचा आहे. शिवाय घसरण्याइतकंच महत्त्वाचं आहे ते आपण कशावर आपटतो. ब्रिटनमधल्या ३४ वृद्धनिवासांत याचा अभ्यास झाला आणि तो २००४ साली ‘एज अँड एजिंग’ या नियतकालिकात छापून आला. पडण्याच्या साडेसहा हजारांहून जास्त नोंदी त्यांनी तपासल्या. दर शंभर पडण्यांमागे खुब्याची हाडं सर्वांत कमी मोडली ती खाली लाकूड आणि वर गालिचा असलेल्या जमिनीवर. आपण कोकणात गालिचे अंथरत नाही, हे कबूल. पण खाली पोकळी असलेली फळ्यांची जमीन थोडी दबते आणि काँक्रीट दबत नाही, हे समजायला गालिचा लागत नाही. खुबा मोडलेलं म्हातारं माणूस पुन्हा पहिल्यासारखं चालेल याची खात्री कुणी देत नाही. आणि हा मेसेज त्यांना टाइल घालायला सांगतोय!

पॉलिश मारलेलं लाकूडही ओलं झालं की घसरतं, तेव्हा तसलं पॉलिश नको. न्हाणीघरात तर लाकूड नकोच, तिथे खरखरीत फरशी हवी.

आता आग. इथे मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे आणि ते मी नाकारणार नाही. १८२८ साली शनिवारवाड्याला लागलेली आग सात दिवस धुमसत होती, वरचे लाकडी मजले गेले. जुन्या वाड्यांना आजही आगी लागतात. पातळ फळ्या, प्लायवूडचे पडदे, जीर्ण वायरिंग, त्यात चटकन उठून पळता न येणारी माणसं, धोका आहेच. पण जाड खांब पाच मिनिटांत खाक होत नाही. लाकूड बाहेरून कोळसा होत जातं, मिनिटाला साधारण ०.६५ ते ०.७ मिलिमीटर, आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला उष्णतेपासून राखतो. २०० मिलिमीटरचा खांब अर्धा तास चारही बाजूंनी जळाला तरी आत १६० मिलिमीटर शाबूत राहतो. उघडं लोखंड ६०० अंशांच्या आसपास निम्मी ताकद गमावून बसतं. म्हणून आत्याच्या घरात करायचं ते हे: वायरिंग नवीन, पाइपातून, विजेची गळती होताच पुरवठा तोडणारं यंत्र, झोपायची खोली तळमजल्यावर आणि तिला दोन दारं.

वाळवीचं उत्तर आपल्या आजोबांच्या सुतारांना ठाऊक होतं. खांब मातीत पुरायचा नाही, जोत्यावर तळखड्यावर, म्हणजे खाली बसवलेल्या दगडावर, उभा करायचा, पागोळ्यांचं पाणी लांब टाकायचं. आत्याचा तो एक खांब कुजला, कारण मध्ये कुणीतरी त्याच्या बुंध्याभोवती सिमेंटचा कोबा केला आणि आत ओल कोंडली. समुद्राच्या हवेत गंजून फुगणाऱ्या सळ्या आणि पापुद्रे निघालेले स्लॅब मात्र या मेसेजवाल्यांना कधी दिसत नाहीत.

भूकंपाचं तर धडधडीत खोटं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत माणसं गाडली गेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि माळवदाच्या, म्हणजे सपाट धाब्याच्या, मातीच्या ओझ्याखाली. भिंती ढासळल्या आणि लाकडी खण, म्हणजे खांब-तुळयांचे सांगाडे, उभे राहिले, अशी घरं तिथे होती.

झाडांबद्दल थोडक्यात. चोरट्या जंगलतोडीचं लाकूड घेऊ नयेच. शेतावरच्या झाडांनाही महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड कायदा लागू आहे, परवानगी काढावी. मोडलेल्या वाड्यांचं सागवान बाजारात मिळतं, ते उत्तम. पण सिमेंट जगातल्या कार्बन उत्सर्जनाच्या ७-८ टक्क्यांना कारणीभूत आहे, आणि लाकडाने शोषलेला कार्बन घर उभं आहे तोवर घरातच राहतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये लाकडाच्या वापरावर घातलेली बंदी २०२० मध्ये उठवली, ती उगाच नव्हे.

जुनी लाकडी घरं आहेत तशी म्हाताऱ्यांना सोयीची नाहीत, हे मात्र त्या मेसेजने सांगायला हवं होतं. उंच उंबरठे, शिडीसारखे जिने, वाकून जावं लागणारी दारं. पण याचा दोष लाकडाला कसा देणार? उंबरठा काढता येतो. दार ९०० मिलिमीटर रुंद करता येतं. जोतं दीड फूट उंच असेल तर एकास बारा उताराने १८ फुटांचा रॅम्प लागतो, अंगणात तेवढी जागा आहे. आधाराचा दांडा तर लाकडी चौकटीत हवा तिथे स्क्रूने घट्ट बसतो, मातीच्या भिंतीत तो हलतो.

हे सगळं काल आत्याला फोनवर सांगितलं. तिने एकच विचारलं, ‘‘मग फळ्या ओल्या पायाला चिकटणाऱ्या असतील ना रे?’’ रंधा मारून नुसतं तेल लावू, पॉलिश नाही, असं म्हणालो. सुताराला तिनेच पुन्हा फोन केला. गुरुवारी तो खांबाचं माप घ्यायला येतोय.