कव, सूत आणि सोळा इंच

कोकणात झाड मोजायची जुनी पद्धत म्हणजे कव. हात पसरून खोडाला मिठी मारायची. बोटं पलीकडे भेटली तर झाड लहान, नाही भेटली तर मोठं, आणि दुसऱ्या माणसाला हाक मारावी लागली तर ते पणजोबांनी लावलेलं. या पद्धतीबद्दल कधी कुणाची तक्रार नव्हती. घोटाळा होतो तो तालुक्याच्या दुकानात चेनसॉ, म्हणजे दातेरी साखळी फिरवून लाकूड कापणारं यंत्र, घ्यायला गेल्यावर. ती साखळी म्हणजे चेन, आणि ती ज्या लांबट पात्याच्या कडेनं धावते ती पट्टी. काउंटरमागचा इसम विचारतो, "पट्टी किती इंची देऊ?" आणि गिऱ्हाईक उत्तरादाखल हात पसरतं. पसरलेल्या हातांचं माप हटकून 22 इंच भरतं, कारण भिंतीवर टांगलेली सगळ्यात लांब पट्टी तेवढीच असते.

मी सोळा-इंची पंथाचा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. या पंथाला गावात मान नाही. 22 इंची मशीन खांद्यावर टाकून निघालेल्या माणसाकडे लोक वळून बघतात, 16 इंची घेऊन निघालं तर "काय, कढीपत्ता छाटायला निघालात?" असं विचारतात.

खरं तर हिशेब शाळेतलाच आहे. सुतळीचा तुकडा घ्यायचा, जिथं कापायचं नेमक्या त्याच जागी खोडाभोवती गुंडाळायचा आणि येईल त्या घेराला 3.14 ने भागायचं. कवेत जेमतेम मावणारं, 60 इंच घेराचं आंब्याचं खोड आडवं कापलं तर जाडी भरते 19 इंच. मिठीत हत्ती वाटलेलं झाड सुतळीवर बरंच बारीक होतं. "ही केवढी फांदी!" म्हणून दाखवलेल्या फांदीचा घेर 30 इंच निघाला तर तिची जाडी साडेनऊ.

पट्टी लाकडाच्या जाडीपेक्षा दोन इंच जास्त असावी, हा सर्वमान्य नियम. तो सांगितला की लगेच कोणीतरी म्हणतं, "एकोणीस आणि दोन एकवीस, म्हणजे बावीसच की हो!" पण ते खोड झाडाच्या आयुष्यात एकदाच कापलं जातं, आणि दोन्ही बाजूंनी कापलं तर 16 इंची पट्टी ते आरामात संपवते. त्याच झाडाला 4 ते 10 इंची फांद्या मात्र तीस-चाळीस असतात, आणि त्या प्रत्येकीसाठी ती लांबलचक पट्टी पुढं धरून उभं राहावं लागतं. पेट्रोल-ऑइल भरलेली मोठी मशीन सात किलोंच्या पुढं जाते. सकाळी नऊला ती शोभते. अकरा वाजता नाक खाली घालायला लागते, आणि नाक मातीला टेकलं की त्या दिवसाचा विषय संपला. जांभ्याच्या मातीत एकदा चेन फिरली की दात्यांची धार जाते आणि पुढचा अर्धा तास कानस घासण्यात. (पट्टीवर छापलेले 16 इंचसुद्धा पूर्ण हाती लागत नाहीत. मशीनच्या तोंडाशी असलेले पकडीचे काटे त्यातला थोडा भाग खातात.)

आता इंजिन. त्याचं माप सीसीत सांगतात, म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन फिरतो तेवढ्या जागेचं आकारमान. पट्टी ही इंजिनाच्या ऐपतीप्रमाणे असते, हे लग्नाच्या बाजारात कळतं तितकं हार्डवेअरच्या बाजारात कळत नाही. 35 ते 40 सीसीला 14 ते 16 इंच. 45 ते 55 सीसीला 16 ते 18, लाकूड मऊ असेल तर 20. साठीच्या घरात 20. 24 इंच आणि त्यापुढं जायचं तर इंजिन 70 सीसीच्या वर हवं, आणि 36 इंची पट्टी 90 सीसीच्या खाली शोभत नाही. बाजारात मात्र 58 सीसीला 22 इंची पट्टी लावून खोकं हातात देतात. ती चालते, अर्धीच पट्टी लाकडात असेपर्यंत! पूर्ण पट्टी ओल्या फणसात बुडवली की चेनचा वेग पडतो, माणूस वरून जोर देतो, क्लच घसरून तापतो, आणि टोकापर्यंत ऑइल पोचत नसल्यानं पट्टीच्या कडा निळ्या पडतात. ऑइलचा छोटा पंप छोट्या पट्टीच्या हिशेबानं बनवलेला असतो. त्याला पुढच्या सहा इंचांची कल्पना कुणी दिलेली नसते.

सीसीचंही तसंच. सिलिंडरचा व्यास 45 मिमी आणि पिस्टनचा प्रवास 34 मिमी असेल तर 45 गुणिले 45 गुणिले 0.785 गुणिले 34, भागिले 1000, म्हणजे 54 सीसी. डब्यावर 58 लिहिलं असेल तर वरचे 4 सीसी स्टिकर छापणाऱ्याकडून सप्रेम भेट समजावेत.

पट्टी ठरली की चेन. "अठरा इंची चेन द्या" म्हणणं म्हणजे चपलांच्या दुकानात "काळी द्या" म्हणण्यासारखं आहे. चेनची ओळख तीन आकड्यांनी पटते. पहिला पिच: लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजून त्याचं निम्मं. इथं आपला सुतार एकदम तज्ज्ञ ठरतो, कारण सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि 3/8 इंच म्हणजे चक्क तीन सूत. पण बाजारातल्या बऱ्याच मध्यम मशीनींवर 0.325 इंच असतो, म्हणजे 2.6 सूत, आणि हे माप कुठल्याही सुताराच्या पट्टीवर नाही. त्यात तीन सुतांचेही दोन सख्खे भाऊ आहेत. लहान मशीनीवरची बुटकी, लो प्रोफाइल चेन आणि मोठीवरची पूर्ण उंचीची. आकडा एकच, पण एकाची चेन दुसऱ्याच्या, चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्रावर चढवली की दोघंही कामातून जातात. दुसरा आकडा गेज, म्हणजे पट्टीच्या खोबणीत चालणाऱ्या कडीची जाडी: 1.1, 1.3, 1.5 किंवा 1.6 मिमी. जाड कडी बारीक खोबणीत शिरतच नाही. बारीक कडी जाड खोबणीत शिरते, डुलते आणि वाकडं कापते. तिसरा आकडा त्या कड्यांची संख्या. 0.325 च्या चेनला 18 इंचाला बहुधा 72 आणि 20 इंचाला 76. हे सगळं पट्टीच्या मागच्या टोकाला कोरलेलं असतं. तिथली काजळी पुसायची आणि फोटो काढून दुकानात जायचं. पट्टीच बदलत असाल तर ऑइलचं भोक जुळतंय का ते बघा. ते चार मिमी सरकलं तरी ऑइल पट्टीऐवजी तुमच्या पॅन्टला मिळतं.

या चेनचे दाते एक डावा, एक उजवा असे का असतात, त्याचं श्रेय एका अळीला जातं. 1940 च्या दशकात अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्यानं एक अळी ओंडका कुरतडताना पाहिली. ती डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे आडव्या-उभ्या रेषांची पर्वा न करता खात होती. तिच्या जबड्यावरून त्यानं चेनचा दाता बेतला. आमच्या हापूसच्या खोडकिड्याच्याच जातकुळीतली ती. एका भाऊबंदानं झाडं पोखरली, दुसऱ्यानं यंत्र शिकवलं. बागायतदाराचं नुकसान दोन्हीकडून.

धार लावताना मात्र दोन्ही बाजूंना समान न्याय लागतो. उजव्या हाताच्या माणसाची कानस एका बाजूला जास्त घासते, तिथले दाते आखूड होतात आणि पट्टी कापता कापता एका बाजूला वळते. लोक पट्टीला दोष देतात. बुटक्या तीन सुताला 4 मिमीची गोल कानस, 0.325 ला 4.8, पूर्ण तीन सुताला 5.2 किंवा 5.5. कोन बहुतेक चेनना 30 अंश. चेन चांगली असेल तर किसलेल्या खोबऱ्यासारखे काप पडतात. पीठ पडायला लागलं की थांबायचं. जोर लावून पीठच जास्त मिळतं.

आणि खोबऱ्यावरून नारळ. माडाचं खोड फसवं असतं. साल नाही म्हणावी अशी, आतला गाभा मऊ, पण बाहेरचा वेढा चिवट आणि कडक, आणि तंतू असे निघतात की चक्राच्या आवरणात काथ्या विणल्यासारखा गुंता होतो. दर पाच-सहा कापांनंतर आवरण काढून साफ करा, नाहीतर ऑइलची वाट बंद. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं आणि वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. आडव्या माडासाठी 16 इंची पट्टी पुष्कळ झाली, पण आडवं झाड उभ्यापेक्षा लबाड. दोन्ही टोकं टेकलेल्या ओंडक्याची वरची बाजू दाबलेली असते. वरून सरळ कापत गेलात की लाकूड पट्टी दातांत धरतं आणि सोडत नाही. आधी वरून एक तृतीयांश, मग खालून. एकच टोक टेकलेलं असेल तर उलट, आधी खालून, मग वरून. 22 इंची पट्टी अडकली तर सोडवायला दुसरी मशीन मागवावी लागते. ती ज्याच्याकडे असते तो नेमका भावकीतला, आणि त्याच्याशी बांधावरून बोलणं बंद असतं.

फणस चीक सोडतो, पट्टी चिकटते. साग मऊ वाटतो, पण त्यातली सिलिका धार खाते. वाळलेली चिंच आणि बाभूळ यांच्यापुढं पट्टीची लांबी विचारू नका, धार विचारा. रस्त्याकडेच्या झाडात लाकडापेक्षा जास्त असतात क्लासच्या आणि जागा विकण्याच्या पाट्यांचे खिळे. जाहिरात गेली तरी खिळा सालीच्या आत दडून राहतो आणि बरोबर तुमच्या चेनची वाट बघतो. अशा ठिकाणी गोल कोपऱ्याचा दाता, सेमी चिझल, थोडा सावकाश कापतो पण लवकर बोथट होत नाही.

झाडावर चढून कापायची वरच्या मुठीची छोटी मशीन, 25 ते 35 सीसी, 10 ते 14 इंच, ही दिसायला खेळणं. ती फक्त दोर-पट्टा बांधून काम शिकलेल्याच्या हातात द्यावी. बॅटरीवरच्या 12-14 इंचीला मी हसत नाही. शेवगा, पेरू, कुंपण यांना उत्तम.

पट्टीच्या टोकाचा वरचा पाव भाग कशालाही टेकवायचा नाही. तिथले दाते कापत नाहीत, ढकलतात, आणि सेकंदाला वीस मीटर वेगानं धावणारी चेन घेऊन मशीन तोंडाकडे उसळते. लांब पट्टीचं टोक पलीकडच्या फांदीत काय करतंय, ते अलीकडच्या माणसाला दिसत नाही. खांद्याच्या वर कापू नका, शिडीवरून तर नाहीच. हेल्मेट, जाळी, बूट, कापडात अडकवून चेन थांबवणारी पॅन्ट हे सगळं हवं. लुंगी चेनमध्ये अडकते खरी, पण चेन थांबवत नाही.

एवढं सगळं जुळलं, मशीन घरी आली, पेट्रोलमध्ये लिटरला साध्या टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाच्या) ऑइलचे 40 मिली किंवा उत्तम ऑइलचे 20 मिली घालून झाले, चेनच्या टाकीत जळकं ऑइल न ओतता नवं ओतलं, टोक जुन्या सिमेंटच्या पिशवीसमोर धरून रेस दिली आणि पिशवीवर ऑइलची रेघ उमटली. आता समोरचं झाड. ते आंबा, फणस, साग, खैर, ऐन किंवा किंजळ असेल, तर महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्यानं वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी हवी; शहरात 1975 चा कायदा आणि वृक्ष प्राधिकरण. अर्ज, सातबारा, पाहणी, पंचनामा. तोवर टाकीतलं पेट्रोल काढून ठेवा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, कारण इथेनॉलचं पेट्रोल पाणी ओढतं आणि कार्बोरेटरचा पडदा कडक होतो. साहेब पाहणीला येतात, खोडाकडे बघतात, मग मशीनकडे बघतात आणि हात पसरून विचारतात, "एवढी पुरेल का हो?"