नॅटोकायनेजच्या कॅप्सूलने ब्लॉकेज विरघळतात? त्या फॉरवर्डमधला एकेक मुद्दा

हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. जपानी लोकांच्या हार्टचं रहस्य, नॅटोकायनेज नावाचं एन्झाइम, रोज एक कॅप्सूल रिकाम्या पोटी, तीन महिन्यात नसांमधले ब्लॉकेज विरघळणार, बायपास टळणार, रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद, आणि नॅचरल म्हणून साइड इफेक्ट शून्य. आमच्या घरच्या ग्रुपवर मामांनी टाकला, अगदी काळजीपोटी, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण त्या मेसेजमुळे आमच्या घरात जे झालं ते दुसऱ्या कुणाकडे होऊ नये म्हणून बसून एकेक मुद्दा लिहितेय.

"जपानी शास्त्रज्ञाने सिद्ध केलंय." शोध खरा आहे. नॅटो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, चिकट, तार सुटणारं, जपानमध्ये सकाळी भाताबरोबर खातात. हिरोयुकी सुमी यांनी १९८० मध्ये शिकागोला असताना एका बशीत फायब्रिनची (रक्ताची गुठळी धरून ठेवणारे प्रोटीनचे धागे) कृत्रिम गुठळी घेऊन त्यावर नॅटो ठेवलं आणि ३७ डिग्रीला १८ तासात ती गुठळी विरघळली. ते करणारं नॅटोमधलं एन्झाइम म्हणजेच नॅटोकायनेज. आता हे सगळं बशीत झालंय. कॅप्सूल गिळली की आधी जठरातलं आम्ल, मग आतड्यातले पाचकरस, आणि एन्झाइम म्हणजे शेवटी प्रोटीनच, त्यातलं रक्तात पोचतं ते अगदी थोडं. हार्ट अटॅकमध्ये गुठळी फोडायला स्ट्रेप्टोकायनेज किंवा टेनेक्टेप्लेज देतात ते सरळ शिरेतून देतात, तोंडाने नाही, ते उगाच नाही.

"ब्लॉकेज विरघळतात." इथे सगळ्यात मोठा गोंधळ आहे. रिपोर्टमध्ये ७० टक्के ब्लॉक लिहिलेलं असतं ना, ती सहसा गुठळी नसते. ते नसेच्या भिंतीत आत वर्षानुवर्षं साठलेलं कोलेस्टेरॉल, त्यावर तंतुमय पेशींचं कवच आणि कधीकधी कॅल्शियम, तव्यावरच्या जुन्या किटणासारखं नाही की वरून काही ओतलं आणि निघून गेलं. नॅटोकायनेज फायब्रिन तोडतं, आणि कॅल्शियम काही फायब्रिन नाही.

आणि माणसांवर तपासलंय का, तर हो. अमेरिकेत २६५ लोकांवर साधारण तीन वर्षं प्रयोग झाला, निम्म्यांना रोज २,००० युनिट नॅटोकायनेज, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी, कुणाला काय मिळतंय हे चिठ्ठी टाकून ठरवलेलं. मानेच्या रक्तवाहिनीच्या भिंतीची जाडी मोजली. २०२१ मध्ये निकाल छापून आला, दोन्ही गटात फरक नाही. मेसेजवाले ज्याचा हवाला देतात तो २०२२ चा चीनमधला अभ्यास, १,०६२ लोकांचा, त्यात रोज १०,८०० युनिट वर्षभर घेणाऱ्यांचा थर कमी झाला असं म्हटलंय. पण त्यात खोटी गोळी दिलेला गट नव्हता, आणि त्याच अभ्यासात ३,६०० युनिटने फायदा दिसला नाही. बाजारातल्या कॅप्सूल बहुतेक २,००० च्या! आमच्या घरातली बाटली पण तेवढ्याचीच होती.

बीपी थोडं उतरतं म्हणतात, त्यात तथ्य असू शकतं. कोरियात ८६ लोकांवर आठ आठवडे बघितलं तर वरचं बीपी साडेपाच पॉइंटच्या आसपास जास्त उतरलं होतं. म्हणून त्यावर बीपीची गोळी सोडायची नाही.

"जपानी लोकांना म्हणूनच हार्टचा त्रास कमी." ताकायामा शहरातल्या सुमारे २९ हजार लोकांच्या अभ्यासात जास्त नॅटो खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार-स्ट्रोकचे मृत्यू कमी दिसले हे खरं, पण ती माणसं जेवणात नॅटो खाणारी होती. कॅप्सूल कुणी दिली नव्हती.

"रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करता येतात." या एका वाक्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. माझ्या आईला लहानपणी र्‍हुमॅटिक फिव्हर झाला होता, त्यात हृदयाचा व्हॉल्व्ह खराब झाला आणि नंतर मेकॅनिकल व्हॉल्व्ह बसवला. रात्री सगळं शांत झालं की तिच्या शेजारी झोपल्यावर त्याची टिकटिक ऐकू येते, लहान घड्याळासारखी. त्या व्हॉल्व्हवर गुठळी होऊ नये म्हणून तिला एसिट्रॉम ही रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, आणि दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते बघायची तपासणी. तिला हातावरच्या सुया आणि पालेभाजी मोजून खायचा कंटाळा आला होता, त्यात हा मेसेज. महिनाअखेरीला औषधं आणायला निघाले तर एसिट्रॉमच्या स्ट्रिपमध्ये सहा गोळ्या शिल्लक! विचारलं तर म्हणाली, "अगं, ती जपानी सुरू केलीय ना, दोन-दोन कशाला." आयएनआर निघाला १.४, हवा होता अडीच ते साडेतीन. मग तो वर येईपर्यंत पोटात इंजेक्शनं घ्यावी लागली आणि त्या दिवसात मी रात्री उठून टिकटिक ऐकायचे.

आमचं निभावलं. २०१५ मध्ये एका मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या केसमध्ये वॉर्फरिन या रक्त पातळ करायच्या गोळीऐवजी नॅटोकायनेज घेणाऱ्या पेशंटच्या मेकॅनिकल व्हॉल्व्हवर गुठळी झाली आणि ऑपरेशन करून व्हॉल्व्ह पुन्हा बदलावा लागला. आणि अजून एक, जपानमध्येच वॉर्फरिनच्या पेशंटला नॅटो खाऊ नका म्हणून सांगतात, कारण त्यात व्हिटॅमिन के भरपूर असतं आणि त्याने गोळीचा असर कमी होतो. एसिट्रॉम त्याच जातीची गोळी.

"नॅचरल म्हणून साइड इफेक्ट शून्य." धडधाकट माणसाला ठरलेल्या डोसमध्ये सहसा त्रास होत नाही हे मान्य, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये ३५ वर्षांवरच्यांसाठी रोज १०० मिलिग्रॅमपर्यंत सुरक्षित म्हटलंय, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका सोडून. पण मेसेज जातो तो हार्ट पेशंटकडे, आणि तो आधीच इकोस्प्रिन (म्हणजे ॲस्पिरिन) नाहीतर क्लोपिडोग्रेल अशा गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्यांवर असतो. २००८ मध्ये छापलेल्या एका केसमध्ये ॲस्पिरिन चालू असताना सात दिवस रोज ४०० मिलिग्रॅम नॅटोकायनेज घेतलं आणि लहान मेंदूत रक्तस्राव झाला, त्या पेशंटच्या मेंदूत आधीपासून बारीक रक्तस्रावाच्या खुणा होत्या. अशा खुणा एमआरआय केल्याशिवाय कळत नाहीत. गुठळी खरंच विरघळत असेल तर रक्त वाहायचा धोका त्याच्याबरोबर येणारच.

आपल्याकडे हे सप्लिमेंट म्हणजे कायद्याने खाद्यपदार्थ, औषध नाही. बाटली फिरवून बघा, औषधी वापरासाठी नाही असं लिहिलेलं असतं, बारीक इंग्रजीत. आईला ते दिसलंच नव्हतं, मी चष्मा देऊन वाचायला लावलं.

तुमच्या घरी कुणी आधीच घेत असेल तर रागावू नका, लपवून घ्यायला लागतील. बाटली आहे तशी पिशवीत टाकून कार्डिओलॉजिस्टकडे न्या. दात काढायचा असेल, मोतीबिंदू किंवा कुठलंही ऑपरेशन असेल, एण्डोस्कोपी असेल तर त्या डॉक्टरांनाही आधीच सांगा. स्टेंट टाकलेल्यांनी तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी वगळू नका. मामांना मी फोन करून हे सगळं सांगितलं, त्यांनी तो मेसेज काढलाय आणि हे ग्रुपवर टाकायला त्यांनीच सांगितलंय.