सिगुर्ड हॉफमन यांची आठवण: बनवलं म्हणजे सापडलं असं नाही

११०, १११ आणि ११२ क्रमांकाची मूलद्रव्यं सिगुर्ड हॉफमन यांच्या गटाने ‘शोधली’ असं आपण म्हणतो. हा शब्द इथे जरा फसवा आहे. ती कुठे दडून बसलेली नव्हती. ती बनवावी लागली, आणि बनली हे सिद्ध करणं बनवण्याहून अवघड होतं. १७ जून २०२२ रोजी गेलेल्या या जर्मन अणुभौतिकशास्त्रज्ञाची आठवण या दुसऱ्या कामासाठी काढावी, असं माझं ठाम मत आहे.

बेरीज शाळेतलीच आहे: शिशाचे ८२ प्रोटॉन अधिक जस्ताचे ३०, झाले ११२. पण वाटेल ते शिसं चालत नाही. शिसं-२०८ लागतं, कारण त्यातले ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन हे दोन्ही ‘जादुई’ आकडे, म्हणजे केंद्राला खास स्थिर करणारे. हे अणुकेंद्र इतकं घट्ट बांधलेलं असतं की जोडणीनंतर तयार होणारं केंद्र फार तापत नाही, एक न्यूट्रॉन फेकून निवतं. जास्त तापलं तर सरळ दुभंगतं. जस्तही जस्त-७० हवं, आणि ते नैसर्गिक जस्तात एक टक्कासुद्धा नसतं. जर्मनीत डार्मश्टाटच्या जीएसआय प्रयोगशाळेत ते ३४४ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेने शिशावर आदळवलं. ऊर्जा थोडी कमी पडली तर केंद्रं जुळतच नाहीत, थोडी वाढली तर जुळून फुटतात.

खरी कटकट टार्गेटची, म्हणजे ज्यावर आदळवायचं त्या थराची. शिसं ३२७ अंशांना वितळतं, १११ साठी वापरलेलं बिस्मथ तर २७१ लाच. थर जेमतेम ०.४ मायक्रोमीटर जाडीचा, त्याला कार्बनच्या पातळ पापुद्र्याचा आधार. त्यावर सेकंदाला लाख कोटींच्या घरात आयन (विद्युतभार असलेले जस्ताचे अणू) येणार. एकाच जागी पडले तर भोकच पडेल. म्हणून आठ पट्ट्या चाकावर बसवून ते मिनिटाला ११२५ फेरे फिरवायचं. आयनांचा झोत सेकंदाला ५० ठोक्यांत येतो, आणि या वेगाने दर ठोक्याला बरोबर तिसरी पट्टी समोर येते. आठला तीनने भाग जात नाही, त्यामुळे आठही पट्ट्यांना आळीपाळीने पाळी मिळते. हिशेब साधा, पण बघत राहावा असा!

पुढे ‘शिप’ नावाचा वेगगाळक. मूळ झोत प्रकाशाच्या साधारण १० टक्के वेगाने येतो, तर जुळलेलं जड केंद्र अडीच टक्क्यांच्या आसपास. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं अशी लावायची की हळू जाणारं सरळ जाईल आणि बाकीचं बाजूला पडेल. जेमतेम ११ मीटरांचा हा प्रवास एक-दोन मायक्रोसेकंदांत संपतो आणि अणू सिलिकॉनच्या शोधकात, म्हणजे कणाची जागा, वेळ आणि ऊर्जा नोंदवणाऱ्या उपकरणात (डिटेक्टरमध्ये) रुततो.

आता ओळख. अणू ज्या जागी रुतला, त्याच जागी एकामागून एक अल्फा कण (दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनचा गठ्ठा, तो गेला की मूलद्रव्याचा क्रमांक दोनने घटतो) बाहेर पडायला हवेत. ९ फेब्रुवारी १९९६ च्या रात्री १०.३७ ला रुतलेल्या अणूने २८० मायक्रोसेकंदांनी ११.४५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचा अल्फा दिला, आणखी ११० मायक्रोसेकंदांनी ११.०८ चा, मग सुमारे २० सेकंदांनी ९.२३ चा. अल्फांची ही साखळी शेवटी रुदरफोर्डियम (१०४) आणि नोबेलियम (१०२) यांच्या आधीपासून माहीत असलेल्या समस्थानिकांवर, म्हणजे ठरावीक न्यूट्रॉनसंख्येच्या प्रकारांवर, पोचली. सगळी खात्री त्या माहितीच्या टोकावर उभी असते. घोटाळे इथेच होतात. अणू वरवरच रुतलेला असल्याने जवळपास निम्मे अल्फा उलट दिशेने निसटतात आणि शोधकात थोडीशीच ऊर्जा सोडून जातात. त्यांना पकडायला भोवती आणखी शोधक लावतात. वीस-वीस सेकंद थांबायचं म्हटलं की त्याच जागी भलताच कण येऊन खोटी साखळी जुळण्याचाही धोका.

पण ११२ च्या बाबतीत पुढे जो घोटाळा उघड झाला, तो असा योगायोगाने झालेला नव्हता. १९९६ मध्ये ११२ च्या दोन साखळ्या जाहीर झाल्या होत्या. १९९९ मध्ये अमेरिकेत बर्कलेच्या गटाने ११८ चा दावा केला. तो दुसऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत जमेना आणि शेवटी मागे घ्यावा लागला. तिथलं विश्लेषण करणारा माणूस आधी डार्मश्टाटला हेच काम करत होता. (नाव जगजाहीर आहे, त्याने आकडे रचल्याचे आरोप नाकारले, मुद्दा त्याचा नाही.) हॉफमन आणि सहकाऱ्यांनी १९९४ पासूनच्या एकूण ३४ साखळ्या मूळ नोंदींपर्यंत जाऊन पुन्हा तपासल्या. ३२ जुळल्या. ११० ची एक आणि ११२ ची पहिली, या दोन साखळ्या मूळ नोंदींत सापडल्याच नाहीत. म्हणजे आकडे नंतर घातलेले. २००२ मध्ये त्यांनी हे स्वतःच छापलं. मनात आणलं असतं तर गप्प बसता आलं असतं, कारण शोध त्याने पडणार नव्हता: १९९६ ची दुसरी साखळी खरी होती आणि २००० मध्ये प्रयोग पुन्हा करून आणखी एक मिळालेली होती.

‘सगळे लेखक सगळं तपासतात’ ही समजूत तिथे उघडी पडली. विश्लेषणाचा प्रोग्रॅम एकाच माणसाच्या हातात असेल तर लेखकांच्या यादीत वीस नावं असून उपयोग शून्य. मूळ नोंदींवरून दोन जणांनी, एकमेकांना न विचारता, वेगवेगळ्या प्रोग्रॅमने साखळ्या काढाव्यात. एवढं १९९६ मध्ये केलं असतं तरी पहिली साखळी छापून आली नसती.

११२ ला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली ती २००९ मध्ये. कोपर्निशियम हे नाव पक्कं झालं १९ फेब्रुवारी २०१० ला, कोपर्निकसच्या जन्मदिवशी.